रविवारी ११ वाजता - रिसर्चसाठी पालकांची मीटिंग

सगळ्या आईबाबांना नमस्कार, या रविवारी सकाळी ११ ला नेहमीच्याच हॉलमधे पीएचडी करणाऱ्या ताई येतायत, ऑटिझम किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या मुलांच्या घरी शाळा, अभ्यास, भावंडं हे सगळं कसं सांभाळलं जातं ते त्यांना आपल्याकडून ऐकायचंय.

- संमतीपत्र नीट वाचूनच सही करा, मधेच थांबावंसं वाटलं तर थांबता येतं
- मुलांची नावं, फोटो, रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका प्लीज
- मुलांना आणायची सक्ती नाही, आणलंत तर शेजारची शांत खोली आहे

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारांमधे ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी (डिस्लेक्सिया यातच येतो) दोन्ही आहेत, तरी रोज घरात काय होतं ते कागदावर येतच नाही, म्हणून बाबांनीही नक्की या. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.