पहिल्या बाकावरचा माणूस

सोमवार, रात्र

प्रिय एस्तू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तू गेलीस त्या पहाटे मी जागाच होतो. कडी वाजलेली ऐकली, पण उठलो नाही. सहाच्या एसटीला बसायला जागा मिळाली का, एवढंही विचारलं नाही. डबा ओट्यावरच राहिला होता. मम्मीने तो दुपारपर्यंत कुणाला हलवू दिला नाही.

फोनवर बोलायला गेलं की आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. काळजीचं काही लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त एक सांग, तुझ्या खोलीच्या जिन्यातला दिवा लागला का? मालकाला सांगून होत नसेल तर वायरमनला तूच बोलाव, पैसे मी देतो.

त्या रविवारचं माझ्या मनातून जात नाही. पाळकसाहेबांनी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना सुरू केली आणि ज्यांच्यासाठी ती चालली होती ते स्वतः पहिल्या बाकावर बसले होते. चर्चच्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकून दिले म्हणून त्यांना शाल द्यायची होती. तू उठलीस. दारात चपला घालताना झालेला आवाज अख्ख्या मंडळीने ऐकला. घरी आल्यावर मी तुला नको ते बोललो, देवाच्या घराचा मान वगैरे. तू शांतपणे म्हणालीस, "पप्पा, तुमची प्रार्थना म्हणजे गप्प बसायची परवानगी. देवाकडे अर्ज टाकला की तुमचं काम संपलं." त्यावर मी ज्या आवाजात ओरडलो, त्याची मला लाज वाटते. मोठ्या मुलीवर कुणी असं ओरडत नाही.

पण मी ओरडलो का, ते तुला माहीत नाही. मम्मीला माहीत आहे.

१९८७ चा दुष्काळ. मी रोजगार हमीच्या कामावर मस्टर कारकून होतो, पाझर तलावाचं काम चाललं होतं. हजेरीपटावर नावं, पुढे दिवस, शेवटी अंगठे. मार्चमधल्या एका पगाराच्या आदल्या रात्री कंदिलाजवळ बसून मी बेरजा तपासत होतो. त्यात मथुरामावशीचं नाव आलं. पुढे नवऱ्याचं नाव, गाव, बारा दिवस हजेरी आणि अंगठा. एस्तू, मावशीला आम्ही नाताळानंतर आठ दिवसांनी पुरलं होतं. मी खांदा दिला होता. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "एका नावाची दोन माणसं असतात." मी तिथे उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. मग सही केली. मला नोकरी लागून सात वर्षं झाली होती, दादा पोटात होता, आणि सही नाकारली तर बदली कुठे होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या रविवारी प्रार्थना माझ्याकडे होती. राज्यकर्त्यांना बुद्धी दे, अधिकाऱ्यांना सांभाळ, अशी मी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. किती सुंदर प्रार्थना केलीत, असं लोक म्हणाले. घरी येताना वाटेत मावशीची सून भेटली, डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन परत येत होती. कामावर तिला घेतलं नव्हतं. मस्टरवर जागा नाही, असं सांगितलं होतं.

तिची जागा तिच्याच मेलेल्या सासूने अडवली होती, आणि खाली सही माझी होती.

म्हणून तुझं वाक्य मला लागलं. माझ्याबाबतीत ते खरं आहे. प्रार्थनेबाबतीत मात्र खरं नाही, आणि एवढंच सांगायला हे पत्र आहे.

पौलाने तीमथ्याला लिहिलं की राजांसाठी, अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करा. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता असं आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. त्या माणसासाठी प्रार्थना करणं म्हणजे त्याची स्तुती करणं नव्हे, हे पौलाला कुणी सांगायला नको होतं, तो स्वतः साखळदंडात राहिलेला. प्रभूने हेरोद राजाला कोल्हा म्हटलं, तेही त्याच्या राज्यात उभं राहून. नाथान दावीद राजापुढे गेला तो मेंढराची गोष्ट घेऊन, आणि गोष्ट संपल्यावर म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. आपल्या मंडळीत राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना आणि आभारप्रदर्शन यांतला फरकच पुसला गेलाय. तू उठून गेलीस ती आभारप्रदर्शनातून. मी ओरडलो ते जणू तू प्रार्थनेतून उठून गेलीस म्हणून. हे कळायला मला आठ दिवस लागले.

लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा आठव. मी लहानपणापासून तो दाखला ऐकतोय, खचून न जाता प्रार्थना करावी म्हणून. परवा पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, ती बाई दाखल्यात गुडघे टेकून बसलेलीच नाही. ती जाते. न्यायाधीश कसा, तर देवाला न भिणारा आणि माणसाची पर्वा न करणारा. त्याच्या दारात ती पुन्हा पुन्हा जाते, माझा न्याय करा म्हणते. प्रार्थना कशी करावी हे शिकवायला प्रभूने उदाहरण घेतलं ते कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या एका बाईचं. तुझा नळाच्या पाइपलाइनबद्दलचा माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांची वाट, मग पहिलं अपील, तिथेही नाही जमलं तर नव्वद दिवसांच्या आत आयोगाकडे दुसरं. ती बाई मला तुझ्यासारखीच दिसायला लागली.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. अर्जात "भ्रष्टाचार का झाला" असं विचारू नकोस, त्याला उत्तर मिळत नाही. कागद माग. मोजमाप पुस्तिकेची प्रत, म्हणजे ठेकेदाराचं बिल ज्या मापांवर निघालं ती एमबी. काम पूर्ण झाल्याचा दाखला. पाइपलाइनचा नकाशा. किती मीटर पाइप टाकला हे एमबीत लिहिलेलं असतंच, नाहीतर बिल निघत नाही. आणि कायद्यात कागदांबरोबर कामाची पाहणी करण्याचा, मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो माग. कागदावरचे मीटर आणि जमिनीतले मीटर शेजारी ठेवले की कुणावर आरोप करायची गरजच उरत नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावतेस ना? पोच घेतेस ना? पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स इकडे घरी

बघ, सुरूच झालो. तू पंधरा महिने हे करतेयस आणि मी तुला तिकीट लावायला शिकवतोय. माफ कर. सातवीतल्या पोरी हंडा घेऊन टँकरमागे पळतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे तुझ्याआधी त्या शाळेत कुणी वहीत लिहून ठेवलं होतं का? नव्हतं. तू नळाला तोटी आहे आणि पाणी नाही याचा फोटो पाठवलास, तो मी कचेरीतल्या जुन्या मित्रांना दाखवला. माझ्या मुलीने काढलाय, असं चार वेळा सांगितलं.

अंधार पडल्यावर अपिलाच्या कामाला बाहेर पडत नाहीस ना?

दादाने लाइपझिगहून निकोलाय चर्चचा फोटो पाठवला होता, बाहेर पाटी आहे, सर्वांसाठी खुलं. मी तेव्हा नुसता अंगठा पाठवला. परवा त्याला फोन करून सगळं विचारून घेतलं. तिथे १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना व्हायची. पूर्व जर्मनीत तेव्हा एका पक्षाचं राज्य, बोलायची बंदी, शेजारी शेजाऱ्याची खबर द्यायचा. कधी कधी मोजकीच माणसं यायची. सात वर्षं, एस्तू. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी मात्र गोळीबार होणार अशी सगळ्यांची खात्री होती, दवाखान्यांत रक्ताचा साठा करून ठेवला होता. आणि चर्चमध्ये जागाच राहू नये म्हणून पक्षाने आपली सहाशेच्या आसपास माणसं दुपारपासूनच बाकांवर आणून बसवली होती.

हे ऐकलं आणि मला आपला पहिला बाक आठवला.

त्या माणसांना कुणी हाकललं नाही. शालही दिली नाही. त्यांच्यासमोर डोंगरावरच्या प्रवचनातली धन्यवचनं वाचली, न्यायाची भूक लागलेले धन्य, शांती करणारे धन्य. मग दारं उघडली. बाहेर सत्तर हजारांच्या आसपास लोक, हातात मेणबत्त्या. वारा असला की मेणबत्तीला दोन्ही हात लागतात, एक धरायला आणि एक आडोसा करायला, मग दगड उचलायला हात उरत नाही. त्या रात्री गोळी सुटली नाही. बरोबर महिन्याने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

आपल्या पहिल्या बाकावर बसलेल्या माणसासमोर आपण त्या दिवशी काय वाचलं? ब्लॉकचे चौरस फूट. त्या माणसाचंही आपण वाईटच केलं, एस्तू. त्याच्या जिवाला जे ऐकायला हवं होतं ते देवाच्या घरातसुद्धा त्याला कुणी ऐकवलं नाही. त्याच्यासाठी मी आता रोज प्रार्थना करतो, पण शालीसाठी नाही. त्याला झोप लागू नये अशी करतो. बायबलमधल्या जक्कया जकातदारासारखं, लुबाडलेलं चौपट परत द्यावंसं वाटेपर्यंत लागू नये.

मी काळजीचं लिहिणार नव्हतो. पण शुक्रवारी मम्मीने मला सांगितलं. स्टँडवर मोटारसायकलवाल्याने तुला विचारलं, मॅडम, एकट्याच राहता ना? तू हे मम्मीला सांगितलंस आणि मला नाही. का, ते कळलं. मी पुन्हा सही केली असती अशी तुला भीती वाटली.

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी. जमिनींची प्रकरणं माहिती अधिकारात बाहेर काढणारा माणूस. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेला असताना त्याला वार करून मारलं. ती बातमी वाचल्याचं मला आठवतं, ओट्यावर चहा होता आणि तू कॉलेजला निघाली होतीस. मी मम्मीला म्हणालो, अशी माणसं हवीत देशाला. शुक्रवारपासून ते वाक्य माझ्या घशात अडकलंय. त्यांच्याही घरी कुणीतरी प्रार्थना करत असेलच. सगळे सोमवार लाइपझिगसारखे संपत नाहीत. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाळकसाहेबांना विचारायचं धाडसही झालं नाही.

तुझं नाव आजीने ठेवलं. मला 'करुणा' हवं होतं. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, हे तुला आजीनेच सांगितलं होतं. तीन दिवस उपास आणि मग आपल्या लोकांना वाचवायला न बोलावता राजापुढे, नाश झाला तर होवो म्हणत. तो उपास म्हणजे तिची प्रार्थना, आणि ते पाऊलही. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला मर्दखय फार आवडायचा. तो तिला निरोप पाठवतो, तू गप्प राहू नकोस. बाप नव्हता तो तिचा, तरी बापासारखं वाढवलेली पोर त्याने राजवाड्यात पाठवली. मी खरा बाप आहे आणि मला काय लिहावंसं वाटतं माहीत आहे? परत ये. अर्ज मागे घे. नगरला बदली माग, इथे शाळा आहेत.

लिहून टाकलं. खोडत नाही. पण ते करू नकोस.

काल प्रार्थना पुन्हा माझ्याकडे होती. पहिला बाक रिकामा होता. मी उभा राहिलो, राज्यकर्त्यांसाठी म्हणायला गेलो आणि तोंडातून आलं, प्रभू, मथुराबाईचं नाव मी... पुढे काही बोलता येईना. मंडळी थांबली. शेवटी मी आमेन म्हणून बसलो. मम्मीने हात धरला, बस एवढंच. बाहेर आल्यावर मावशीचा नातू आला, "काका, आमच्या आजीचं काय?" त्याला चिंचेखाली नेऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आई अजून ते घमेलं वापरते.

तुझी अपिलाची सुनावणी पुढच्या सोमवारी अकराला आहे, मम्मीने कॅलेंडरवर खूण केलीय. मी रविवारी भक्तीनंतरच्या गाडीने निघतो. नको म्हणू नकोस. आत येणार नाही, बाहेरच्या बाकावर बसेन. एमबी समोर ठेवली आणि आकड्यांचं काही कळलं नाही तर हाक मार, तेवढं मला वाचता येतं. सोबत दादाच्या लग्नातला थर्मास, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या. येताना एक बल्बही आणतो, होल्डर पिनचा आहे की आट्यांचा ते मम्मीला कळव.

तुझा,
पप्पा