हौथच्या रायफली महाराष्ट्रातही दिसाव्यात: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या एखाद्या संग्रहालयात ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेल्या आयर्लंडच्या बंडखोरांच्या शस्त्रांचे छोटे प्रदर्शन, डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडून मोजक्या वस्तू तात्पुरत्या मागवून, भरवावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

26 जुलै 1914 रोजी आयरिश स्वराज्याचे समर्थक लेखक अर्स्किन चिल्डर्स यांनी ‘असगार्ड’ या आपल्या शिडाच्या नौकेतून 900 जर्मन बनावटीच्या माउझर रायफली डब्लिनजवळच्या हौथ बंदरात भरदिवसा उतरवल्या. हॅम्बुर्गमध्ये विकत घेतलेल्या या रायफलींची घडण 1871 सालची होती. म्हणजे एका वेळी एकच गोळी, प्रत्येक बाराला खांद्यावर जबर धक्का आणि काळ्या दारूचा असा धूर, की बार काढणारा कोठे दडला आहे हे समोरच्याला आयतेच कळावे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातल्या ब्रिटननिष्ठांनी लार्न येथे सुमारे 25,000 रायफली उतरवल्या होत्या, त्यापुढे हा साठा किरकोळच. तरीही 1916 मध्ये डब्लिनला ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावात बंडखोरांना याच जुनाट बंदुकांवर विसंबावे लागले, कारण जर्मनीहून 20,000 रायफली आणणारे ‘ऑड’ जहाज उठावाच्या दोनच दिवस आधी, ब्रिटिशांच्या हाती लागू नये म्हणून, त्याच्या कप्तानाने कॉर्क बंदराजवळ बुडवले होते. त्या उठावात सुमारे 485 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होती, ही नोंद बंदुकीशेजारीच असावी. हत्याराची नुसती पूजा मांडायची असेल, तर प्रदर्शन न भरवलेलेच बरे.

चिल्डर्स यांचा शेवटही त्यात यावा. नोव्हेंबर 1922 मध्ये, ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयरिशांतच पेटलेल्या यादवी युद्धाच्या काळात, स्वतंत्र आयर्लंडच्याच सरकारने त्यांना पकडले आणि 24 तारखेला गोळ्या घातल्या. आरोप होता एक लहानसे स्पॅनिश पिस्तूल बाळगल्याचा, आणि ते त्याच सरकारचे दिवंगत प्रमुख मायकेल कॉलिन्स यांनीच पूर्वी त्यांना दिलेले होते, असे सांगितले जाते. नऊशे रायफली आणणारा माणूस एका पिस्तुलापायी गेला.

आपल्याकडे 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक अनंत कान्हेरे यांच्या हाती पडले आणि नाशिकला जॅक्सनवर झाडले गेले. ती हकिकत याच दालनात मांडल्यास चोरवाटेने शस्त्रे मिळवण्याची दोन्हीकडची धडपड प्रेक्षकांना ताडून पाहता येईल. हौथची एक माउझर आणि ‘असगार्ड’ची छायाचित्रे एवढ्यापुरती मागणी विभागाने डब्लिनकडे लवकर पाठवावी, ही विनंती.

आपला नम्र,
इतिहासाचा एक वाचक