चार्जर राहू दे, आधी एसी बघ

बाळा,

काल फोनवर तू म्हणालास ना की आई, मी रूममधून निघताना चार्जरपण काढून ठेवतो, तू लहानपणापासून ओरडायचीस ते डोक्यात बसलंय, ऐकून खूप बरं वाटलं. पण रात्री झोपच येईना म्हणून हे लिहायला घेतलं, फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस.

मी ओरडायचे ते बिलासाठी रे. १०० युनिटच्या वर गेलं की पुढचा स्लॅब लागतो, एवढंच मला माहीत. हवामान बदल हा शब्द तू शाळेच्या प्रोजेक्टमधून घरात आणलास. मला मात्र खरी भीती बसली २०२३ च्या एप्रिलमध्ये, खारघरच्या मैदानात पुरस्काराच्या कार्यक्रमाला उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली तेव्हा. पारा ३८ च्या आसपास होता, चाळिशीपण नाही, पण आपल्याकडची खाडीची दमट हवा, घाम वाळतच नाही मग अंग थंड होणार कसं? आपल्या ऐरोलीपासून खारघर असं कितीसं लांब आहे. त्याच उन्हाळ्यात आजीला चक्कर आली आणि बाबांनी तिच्या खोलीत एसी बसवला.

तेव्हापासून मी रोज मीटरचं रीडिंग वहीत लिहिते. आणि लक्षात आलं की इतकी वर्षं मी भलत्याच बटणामागे धावत होते. ९ वॅटचा एलईडी सलग ११० तास चालला तर कुठे १ युनिट होतं, आणि २००० वॅटचा गीझर अर्धा तास तापला की तेवढंच! चार्जर नुसता लावलेला राहिला तर त्याहून कितीतरी कमी. आता आम्ही आंघोळी एकापाठोपाठ उरकतो आणि एप्रिल-मेमध्ये गीझर लावतच नाही, टाकीचंच पाणी कढत येतं. तीन पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, जुना ७५ वॅट खायचा, हे ३०-३५ वर चालतात. महाग पडले, बाबा कुरकुरले, पण आपली वीज अजून बरीचशी कोळशावर होते, एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हे सांगितल्यावर गप्प बसले.

आजीचा एसी मात्र मी बंद करणार नाही, तो तिला लागतोच, त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. पण मे महिन्यात एकदा समोरच्या काकूंकडे वाटी द्यायला गेले होते, त्या किचनमध्ये पोळ्या लाटत होत्या, खिडकी बंद. म्हटलं एवढ्या उकाड्यात खिडकी का लावलीत, तर म्हणाल्या उघडली की तुमच्या एसीची गरम हवा आत येते. डक्टमध्ये, दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आपलं एसीचं आउटडोअर युनिट बरोब्बर त्यांच्या खिडकीसमोर आहे. त्यांच्याकडे एसी नाही. मला इतकं वाईट वाटलं, आपली एक खोली थंड व्हावी म्हणून त्या बाई घामात उभ्या. त्या दिवसापासून एसी २६ वर, सोबत पंखा, एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. आणि बाबांनी माणूस बोलवून युनिटचं तोंड फिरवून घेतलं.

म्हणून सांगते, परवा तूच म्हणालास की हिंजवडीच्या रूमवर एसी १८ वर लावून ब्लँकेट घेऊन झोपतो. चार्जर काढतोस ते काढच, पण आधी एसी २६ वर ने आणि फिल्टर धुऊन घे, धूळ बसली की मशीनला जास्त जोर पडतो. आणि तुमचं आउटडोअर कोणाच्या खिडकीसमोर येतं तेवढं बघ ना.

इथे गच्चीवर सोलर बसवायचा विषय मी सोसायटीत मांडलाय, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी. मागच्या मीटिंगला वेळ नाही म्हणून राहिला, पुढच्या मीटिंगला परत मांडणार आहे. तू गणपतीत येशील तेव्हा तो हिशोब मला कॉम्प्युटरवर नीट करून दे.

आजी विचारतेय जेवतोस ना वेळेवर.

तुझी आई