खुले पत्र : पासष्टीच्या पुढच्या बायांना कोण तपासणार?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. गेल्या मंगळवारी गावात स्तनांच्या कॅन्सरची तपासणी होणार होती. आठ दिवस आधी ऑटोवर भोंगा फिरला. ऐन वेचणीच्या दिवसांत बाया मजुरी पाडून सकाळपासून समाजमंदिरात बसल्या. गाडी आली दुपारी दोनला. बीपी मोजला, शुगर पाहिली, बॅनरपुढे बायांना उभं करून फोटो काढला. छाती तपासायला लेडी डॉक्टरच नव्हती. शेजारच्या सत्तरीच्या काकूंचं तर नावही घेतलं नाही. "आमच्याकडे पासष्टपर्यंतच आहे," म्हणून उठवलं.

माझी माय तिथं असती तर तिलाही उठवलं असतं. ती 68 वर्षांची होती.

तिचे कपडे धुताना पोलक्याच्या आतून, डाव्या बाजूला, पिवळा डाग दिसला. घासला, निघाला नाही. विचारलं तर तिनं पदर ओढून घेतला. चार दिवसांनी, रात्री दिवा मालवल्यावर बोलली. दीड वर्षापासून गाठ होती. वरून हळदीचा लेप लावून घट्ट पोलकं घालत होती. "दुखत नाही ना वं, मंग काऊन दाखवाचं?" ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, एवढं एक वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. नागपूरला योजनेतून किमो झाला, एसटीचं तिकीट अर्धं लागलं, हे मी नाकारत नाही. पण पहाटे पाचची गाडी, परतताना उलटीसाठी तिच्या मांडीवर धरलेली पिशवी, हे अजून डोळ्यांपुढून जात नाही. "पसरलंय" हे डॉक्टर मला म्हणाले, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. गेल्या माघात ती गेली.

2022 साली देशात सुमारे 1 लाख 92 हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि 98 हजार बाया त्यानं गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायांत एकीचीही छाती तपासलेली निघाली नाही. पन्नाशीपुढच्या बायांना तर ही पाहणी विचारतच नाही. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत तपासणीचं वय 30 ते 65 धरलं. आणि मुंबईत टाटा रुग्णालयानं 1998 पासून वीस वर्षं दीड लाख बायांचा अभ्यास केला, त्यात काय दिसलं? जिथं आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं छाती तपासली, तिथं पन्नाशीपुढच्या बायांचे या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी झाले. फायदा दिसला तो पन्नाशीपुढं, आणि तुम्ही पासष्टीला बायांना उठवता!

माझं भांडण त्या एका गाडीशी नाही. बाई गरोदर राहिली की तिचं कार्ड होतं, टोचणी होते, माणसं घरी येतात. नसबंदीचं ऑपरेशन झालं की तुमच्या रजिस्टरातून ती गेली. मायनं पाच बाळंतपणं काढली, चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. त्यानंतर 'बाई, तुला काही होतं का' असं तिला एकाही सरकारी माणसानं विचारलं नाही. बॅनरला पैसा असतो. आशाताईंना मात्र मोबदल्यासाठी आझाद मैदानात बसावं लागतं.

आम्हाला मोठी गाडी नको. उपकेंद्रातल्या सिस्टरला हातानं तपासायला नीट शिकवा. दार लावता येईल अशी खोली द्या. वयाची वरची अट काढा. गाठ लागली तर नागपूरला कोणत्या दिवशी, कोणाकडे जायचं, ते चिठ्ठीवर लिहून द्या.

काकू काल पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या. "गाडी कवा येईन वं पोरी?" म्हणाल्या. त्यांना काय सांगू, तेवढं कळवा.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक लेक