वळलेल्यांना माघारी का धाडता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्किझोफ्रेनिया या मनोविकारावरच्या नव्या उपचारांच्या संशोधनाकडे विद्यार्थी वळत नाहीत, असे काल आपण छापलेत. वळतात, पण त्यांना माघारी धाडले जाते. माझ्या मुलीला धाडले, म्हणून लिहितो.

ती इथेच कोल्हापुरात एम. फार्म. करते. तिचा काका, माझा धाकटा भाऊ, 19 वर्षे याच विकाराने आजारी आहे. आधीच्या गोळ्यांनी हात इतके कापायचे की चहा बशीत कमी आणि अंगावर जास्त. क्लोझापीन या गोळीने कानात ऐकू येणारे भासाचे आवाज कमी झाले. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटण्याची भीती, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासणी. रात्री लाळेने उशी भिजते ती आजही. हे बघत वाढलेल्या पोरीने प्रबंधाला हाच विषय मागितला. मार्गदर्शक म्हणाले, "मधुमेह घे, वेळेत उरकेल. वेड्यांच्या औषधाचं काय करणार?" त्या रात्री ती जेवली नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधाची गोष्ट मला तिनेच सांगितली. 1952 च्या क्लोरप्रोमाझीनपासूनची या विकारावरची औषधे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची वाट अडवतात. हे वेगळ्या वाटेने जाते. त्यातले झॅनोमेलिन अल्झायमरसाठी तपासले होते, पोटाच्या त्रासामुळे मागे पडले. मूत्राशयाच्या तक्रारीवरचे ट्रॉस्पियम मेंदूत फारसे शिरत नाही. ते जोडीला दिले, त्याने मेंदूबाहेर झॅनोमेलिनचा परिणाम रोखला आणि त्रास आवाक्यात आला. दोन जुन्या औषधांची सांगड! हा विचार फार्मसीच्या मुलांनी नाही करायचा तर कुणी?

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना एमबीबीएस, बीडीएसवाल्यांची. बाकीच्यांनी बेंगळुरूची निम्हान्स ही मनोविकार संस्था गाठायची का? शिवाजी विद्यापीठ आणि इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग यांनी मिळून दरवर्षी चार-पाच मुले तरी घ्यावीत. आम्ही घरचे लोक मदतीला येऊ. भावाचे वजन, झोप, गोळ्यांच्या वेळा आईने वह्यांत लिहून ठेवल्या आहेत. आजवर एकाही डॉक्टरने त्या मागितल्या नाहीत.

आणखी एक. त्याच लेखाच्या चौकटीत 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' असे छापले आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसे नव्हेत. कृपया दुरुस्ती छापा. माझा भाऊ आपला अंक रोज पहिल्या पानापासून वाचतो. कालचा मी त्याच्या हाती लागू दिला नाही.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर