पाटी उतरवली, दुकान चालूच: केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही; जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथल्या नोंदणीकृत कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ लगोलग गुंडाळले, कारण त्यांना पत्ता होता, संचालक होते, नोटीस बजावता येत होती. माझी तक्रार ज्यांना यातलं काहीच नाही त्या ऑनलाइन कॅसिनोंबद्दल आहे.

मी सांगलीत करसल्लागार आहे. लोक आपलं बँक स्टेटमेंट बायकोला दाखवणार नाहीत, पण आम्हाला दाखवतात. अलीकडे त्यात एक नमुना ओळखू यायला लागलाय. रात्री एक-दीडच्या सुमाराला यूपीआयने दोन हजार, पुन्हा दोन हजार, मग पाच हजार. घेणारा दर वेळी वेगळा: एकदा मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान, एकदा कुठले तरी ट्रेडर्स, एकदा परराज्यातल्या कुणा माणसाचं साधं बचत खातं. खातेदाराला विचारलं तर तो यातल्या एकालाही ओळखत नाही. त्याने व्हॉट्सॲपवर ‘आयडी’, म्हणजे खेळायचं लॉगिन, घेतलेला असतो आणि तो एकाच कॅसिनोवर खेळत असतो, निदान त्याची तशी समजूत असते.

ही समजूतच मुळात चुकीची आहे. यातल्या बहुतेक साइट ‘व्हाइट लेबल’ असतात, म्हणजे दुसऱ्याचा तयार माल आपल्या नावाने विकणाऱ्या. सॉफ्टवेअर एका कंपनीचं, स्लॉट (चित्रं जुळवायचे खेळ) आणि लाइव्ह रूले (फिरत्या चाकाचा जुगार) दुसऱ्यांचे, पैशांची देवघेव तिसऱ्याकडे, परवाना चौथ्याच्या नावावर. ज्याचं नाव आणि लोगो आपल्याला दिसतो तो फक्त गिऱ्हाईक आणतो आणि खेळणाऱ्यांच्या हरण्यातून आपला वाटा उचलतो. पाटी त्याची, दुकान दुसऱ्याचं. म्हणून आपलं मंत्रालय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली एखादी साइट बंद करतं, तेव्हा पाटी उतरते. तोच खेळ निवडायचा पडदा, तेच खेळ, तोच चॅटवरचा मदतनीस नव्या नावाखाली पुन्हा हजर होतो. एका अशिलाच्या फोनवर मी अशा एका साइटच्या अटी नीट वाचल्या. मधल्या एका परिच्छेदात चक्क दुसऱ्याच कॅसिनोचं नाव होतं. मजकूर उचलताना बदलायचं राहून गेलं असणार. एवढा निष्काळजीपणा आमच्या तालुक्याच्या दस्तलेखकाकडूनही होत नाही.

खेळणारा विचारतो, ‘साहेब, खाली लायसन्स आहे की!’ असतं. बहुतेक वेळा कुरासावचं. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर कितीतरी वर्षं चारच मुख्य परवानाधारक होते आणि ते खाली उपपरवाने वाटत. खेळणाऱ्याचे पैसे बुडाले तर दाद कुणाकडे मागायची, याचं धड उत्तर त्या व्यवस्थेत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा लागू झाला आणि नियामक स्वतः परवाने देऊ लागला. पण साइटच्या तळाशी दिसणारा शिक्का हे नुसतं चित्र असू शकतं. तो दाबल्यावर नियामकाच्या पानावर साइटचा तोच पत्ता (डोमेन) दिसत नसेल, तर त्याला काडीची किंमत नाही. आणि दिसलं, तरी भारतात तो खेळ बेकायदाच राहतो. हे दुसरं वाक्य आमच्या लोकांना कुणी सांगितलेलंच नाही.

ब्रिटनमध्ये व्हाइट लेबल कायदेशीर आहे, पण तिथे ज्याचा परवाना त्याचीच मान धरली जाते. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरून टीजीपी युरोप ही कंपनी प्रीमियर लीगच्या जर्सींवर झळकणाऱ्या कितीतरी आशियाई ब्रँडना आपल्या परवान्याखाली चालवत होती. भागीदार कोण, पैसा कुठला, याची नीट चौकशी केली नाही म्हणून ब्रिटनच्या नियामकाने ३३ लाख पौंडांचा दंड ठोठावला. मे २०२५ मध्ये कंपनीने परवाना परत करून ब्रिटन सोडलं. एका ठिकाणी घाव घातला आणि तिच्या आसऱ्याला असलेल्या सगळ्या पाट्या एकदम उतरल्या.

आपल्याकडेही हे माहीत नाही असं नाही. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीनेच २०२३ मध्ये सांगितलं की, दुबईच्या बाजूला मुख्य कार्यालय आणि इथे ‘पॅनल’ म्हणजे शाखा, नफ्याची वाटणी ७०-३०. फ्रँचायझीच ही. मग बंदीचे आदेश एकेका नावावर का निघतात?

आता पैशांचं. साइट खेळायला म्हणून जो बोनस देते त्याचा हिशेब मी अशिलाला कागदावर मांडून दाखवतो. १०,००० रुपये बोनस, अट ३५ पट खेळण्याची. म्हणजे साडेतीन लाखांचे डाव लावल्याशिवाय विड्रॉल नाही. खेळात कॅसिनोचा हिस्सा ४ टक्के धरला तर तेवढ्यात सरासरी १४,००० जातात. बोनस संपून वर पदरचे चार हजार. शिवाय एकच स्लॉट वेगवेगळ्या परताव्याच्या (लावलेल्या पैशांतले सरासरी किती टक्के परत येतात त्याच्या) आवृत्त्यांत मिळतो आणि कुठली लावायची ते चालवणारा ठरवतो. ९६ टक्क्यांऐवजी ९१ ची लावली, तर लाखाच्या डावांमागे ४,००० च्या जागी ९,००० जातात. पडद्यावरची फळं आणि घंटा तशाच.

जिंकला तर सुटला असंही नाही. विड्रॉलची रक्कम येते ती भाड्याने घेतलेल्या खात्यातून. महिना हजारोंच्या आमिषाने कॉलेजच्या पोरांनी आपली खाती, सिमकार्डासकट, दिलेली असतात. त्या खात्यावर कुठे सायबर तक्रार झाली की पैशाच्या मागावर असलेले पोलीस पुढच्या खात्यालाही होल्ड लावतात. मग आमच्या माणसाच्या खात्यात आलेले आठ हजार तर अडकतातच, कधी कधी पगाराचं अख्खं खातंच गोठतं. बँक म्हणते अमुक राज्याच्या पोलिसांना लिहा. तो लिहीत नाही. आपणच आत जाऊ अशी त्याला धास्ती. शिवाय ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे आणि हरलेली रक्कम दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. हे कळलं की तो आणखीच गप्प बसतो.

इथे आपण एक गोष्ट सहज करू शकता. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही; सरकारने त्याला पीडित मानलं आहे. हे मराठीत, ठळक, बंद केलेल्या प्रत्येक साइटच्या जागी दिसू द्या. आज तिथे इंग्रजीत दोन ओळी येतात आणि माणूस घाबरून फोन बंद करतो. त्याच पानावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक असू दे. ज्या ज्या खात्यांवर पैसे भरले त्यांचे यूपीआय आयडी, तारीख आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा, चॅट पुसू नका, ही सूचनाही असू दे.

दुसरं थोडं अवघड आहे. बंदीचे आदेश गोपनीय ठेवले जातात. तपास चालू असताना ते समजू शकतो, पण साइट बंद झाल्यावर ती कुठल्या प्लॅटफॉर्मवर चालत होती, परवाना कुणाच्या नावावर होता आणि त्याच प्लॅटफॉर्मवर आणखी कुठल्या पाट्या आहेत, एवढी यादी जाहीर करायला काय हरकत आहे? बँकांना आणि यूपीआय ॲपवाल्यांना ती रोज मिळाली, तर रात्री दीडला जाणारा पाच हजारांचा व्यवहार अडवता येईल. अशा खेळांच्या पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद आपल्याच कायद्यात लिहिलेली आहे.

मार्चअखेर जवळ आली की आमच्याकडे पुन्हा स्टेटमेंटांचे गठ्ठे येतील. त्याआधी निदान मराठी सूचनेचं पान तयार व्हावं, ही विनंती. मजकूर लिहून हवा असल्यास विनामोबदला देईन.

आपला,
एक करसल्लागार, सांगली