दिमित्रीस हाक

नाशिक, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, परवा फोन मीच आदळला. बाळाला तुझ्या ग्रीक सासऱ्यांचं 'दिमित्रिस' हे नाव ठेवणार, हे ऐकलं आणि बोलून गेलो, "आमचं काही उरू द्याल की नाही?" सातवा महिना लागलेल्या लेकीशी असं बोलायचं नसतं.

आजोबांचं नाव नातवाला, हे आपल्याकडेही होतंच. अप्पांनी मला त्यांच्या वडिलांचं ठेवलं. त्यापायी आईने मला जन्मात नावाने हाक मारली नाही. सासऱ्याचं नाव घेणार कसं? साठीतही मी तिचा 'बाळ'. तुझे सासरे तर धडधाकट, स्वतःचंच नाव घेऊन नातवाला हाका मारतील! हाक मारताना शेवटचा 'स' गळतो म्हणालीस ना? गच्चीत म्हणून पाहिलं: "दिमित्री!" शेजारच्यांच्या कुत्र्याने मान वळवली. तो वळवेल ना गं? माझं मराठी कळेल ना त्याला?

नाव चांगलंच आहे. डिमीटर ही धान्याची देवी, तिचा तो दिमित्रिओस. लोक ख्रिस्ती झाले, देवी मागे पडली, नाव मात्र संताचं होऊन टिकलं. तो संत तुमच्या थेसलोनिकीचाच रक्षक. २६ ऑक्टोबर त्याचा दिवस. १९१२ साली शहर ग्रीकांच्या हाती आलं तेही जुन्या कॅलेंडरने त्याच तारखेला. त्या दिवशी घरी पाहुण्यांची रीघ लागेल. तू उभी राहून राबू नकोस. लोहाच्या गोळ्या घेतेस ना? असो, पुरे.

काल पांडवलेण्यांवर जाऊन आलो, सतरा नंबरला. सहावीत तुझी चप्पल तुटली आणि तुला पाठुंगळी घेऊन उतरलो, तेच लेणं. व्हरांड्यातल्या ब्राह्मी लेखात ते कोरवणारा स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो. ते गाव डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावाचं, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे तुझ्या लेकाचंच नाव, दोन हजार वर्षांपूर्वी, आपल्या गावच्या डोंगरावर! छाती फुगली माझी.

मग पुढचं वाचलं. बाप धम्मदेव, हा इंद्राग्निदत्त, मुलगा धम्मरक्षित. तीन पिढ्या यवनांच्या, आणि यवनी नाव एकही नाही. घरात ग्रीक तरी बोलत असतील का? तिथेच पायरीवर बसलो जरा. तू रागावशील, पण अंगाईपुरतं तरी मराठी ठेव. जबरदस्ती नाही. ठेवच, पण.

लेणं त्याने आईवडिलांच्या नावे दिलंय. हेही लिहिलंय तिथे.

डिंकाचे लाडू पाठवलेत. तूप कमी घातलंय, काकू काहीही म्हणो. रविवारी फोन कर. या खेपेस मी आधी ठेवणार नाही.

तुझे,
बाबा